साहेबांचा ससा आणि आमच्या माशा

लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल आरंभीच क्षमा मागणे मला आवश्यक वाटते. नोकरीची सगळी वर्षे मी इतरांच्या निबंधांतील चुकांखाली तांबड्या रेघा ओढण्यात घालवली. आपणही दोन पाने लिहावीत असे निवृत्तीनंतरही बराच काळ मनात आले नाही. आणि आले तेव्हा विषय सुचला तो माशांचा. ज्यांनी तुरुंग पाहिले, संस्था उभारल्या, निदान एखादी नदी पोहून पार केली, त्यांनी आठवणी लिहाव्यात हे उचितच आहे. आमच्या घरातील सर्वांत मोठा लढा बैठकीत ठेवलेल्या एका सशाच्या पिंजऱ्यावर माशा बसू नयेत यासाठी झाला. तो उन्हाळाभर चालला, एका सरकारी कचेरीचा बराच वेळ त्यात खर्ची पडला, आणि माझे पुढचे शिक्षण त्याच्या निकालावर अवलंबून आहे, अशी माझ्या वडिलांची पूर्ण खात्री होती. एवढ्याच भांडवलावर मी वाचकांसमोर येत आहे.

पन्नासच्या दशकाचा तो मध्य असावा. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि वडील अहेरीला एका सरकारी कचेरीत मुख्य कारकून होते. त्या प्रांताच्या रीतीप्रमाणे गावात त्यांना 'बडेबाबू' म्हणत. अहेरीत मुलीला जेवढे शिकता येत होते तेवढे माझे शिकून झाले होते. पुढची शाळा चांद्याला. चांद्याला जायचे तर वडिलांची तिकडे बदली व्हायला हवी, आणि बदली व्हायची तर साहेबांची मर्जी हवी. साहेब म्हणजे कचेरीचे प्रमुख अधिकारी. वडिलांनी त्यांच्याकडे दोन-तीनदा विषय काढला होता. विषय काढताना ते उभे असत आणि साहेब बसलेले असत, त्यामुळे तो फार पुढे जात नसे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी साहेब सपत्नीक पचमढीला जायला निघाले. निघण्याच्या सकाळी वडील बंगल्यावर निरोप द्यायला गेले. साहेब मोटारीत बसता बसता म्हणाले, "तुमची चांद्याची गोष्ट लक्षात आहे माझ्या. आल्यावर बघू." त्याच क्षणी बाईसाहेबांनी व्हरांड्यातून एक पिंजरा पुढे केला. त्यात एक पांढरा, लाल डोळ्यांचा, नागपूरहून आणलेला ससा होता. बाईसाहेब म्हणाल्या, "आम्ही येईपर्यंत याला सांभाळा. सकाळ-संध्याकाळ दूध द्या. आणि याची वाटी रिकामी दिसता कामा नये."

या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध होता असे आज मला वाटत नाही. वडिलांना मात्र तो दिसला. कचेरीत वीस कागद एका दोऱ्यात ओवायची सवय झालेल्या माणसाने ही दोन वाक्येही एकाच फायलीत लावली. घरी येईपर्यंत त्यांच्या मनात हिशोब पक्का झाला होता: ससा जगला तर बदली, बदली झाली तर चांदा, चांदा मिळाले तर मुलीची शाळा. मी दाराशी उभी होते. पिंजरा खाली ठेवून ते मला म्हणाले, "तुझं शिक्षण आता यांच्या हाती आहे." मी मागे वळून पाहिले. 'यांच्या' म्हणण्याजोगे तिथे दुसरे कोणी नव्हते.

पिंजऱ्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो अस्सल सागवानाचा होता, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या होत्या, आणि सुतारकाम असे की सांधा नखाला लागत नव्हता. ज्या शाळेत मी शिकले तिचे छप्पर गवताचे होते आणि फळा तीन पायांवर उभा राहण्याचा प्रयत्न करीत असे. भोवती सागाचे एवढे मोठे अरण्य असूनही त्यातले लाकूड शाळेपर्यंत का पोहोचत नव्हते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडला असता तरी मी तो विचारला नसता. मी मुळातच बुजरी.

ससा बैठकीत स्थापन झाला. 'ठेवला' हा शब्द अपुरा पडेल. आलेल्या माणसांना बसायचे एकमेव बाकडे भिंतीपासून काढून त्यावर पिंजरा मांडला गेला आणि आलेली माणसे जमिनीवर बसू लागली. पिंजऱ्यात दुधाची वाटी ठेवली गेली. आमच्या घरी दूध जेमतेमच येई. माझा पेला त्या दिवसापासून निम्मा झाला. सशाने वाटी एकदा हुंगली, तिच्याकडे पाठ केली आणि तो कचेरीच्या चपराशाने आणलेली हरळी खाऊ लागला. पुढचे कित्येक दिवस त्याने दुधाला तोंड लावले नाही. लावायचे काही कारणही नव्हते. तो ससा होता आणि हे त्याला माहीत होते.

चैत्राचे ऊन. घराघरांच्या अंगणात मोहाची फुले वाळत घातलेली, त्यांचा गोड, जड वास गल्लीभर साचलेला. सकाळी ठेवलेले दूध दहा वाजेस्तोवर आंबे. ससा वाटीवरून उड्या मारताना ते सांडे आणि त्याच्या पोटाखालचे केस चिकट होत. मग माशा आल्या. प्रथम दोन-चार आल्या, त्यांनी पाहणी केली असावी, आणि नंतर गावातील सर्वच आल्या. दुपारी पिंजऱ्याचे गज काळे दिसत.

"दूध काढून टाका ना तिथून," आई पहिल्याच संध्याकाळी म्हणाली.

आई चिमूरची. वडिलांनी लग्नानंतर तिला शुद्ध बोलायला शिकवण्याचा प्रयत्न केला होता आणि तिने तो निमूटपणे होऊ दिला होता. बोलायची मात्र ती आपलेच.

"बाईसाहेबांनी सांगितलं आहे," वडील म्हणाले.

"तो पितच नाई."

"न पिणं त्यांच्या मर्जीवर आहे. ठेवणं आपल्याकडे आहे."

"बाईसाहेब पचमढीले आहे. त्याहिले इथचं काय दिसते?"

"कळवणारे कळवतात," वडील म्हणाले, आणि उघड्या खिडकीकडे त्यांनी एकदा पाहून घेतले.

माशा दुधाला येतात हे वडिलांना, चपराशाला, शेजाऱ्यांना आणि मला सारखेच ठाऊक होते, हे मला इथे स्पष्ट केले पाहिजे. त्या घरात अज्ञान कुठेच नव्हते. पुढे जे घडले ते सर्व पूर्ण ज्ञानानिशी घडले.

भीती घातली ती चपराशाने. तो उतारवयाचा, मनाने निर्मळ आणि वाईट बातमी सांगताना विशेष रंगणारा माणूस होता. "बडेबाबू," तो म्हणाला, "आमच्या गावी एका बकरीच्या मांडीवर माशी बसली होती. बसली तर बसली, कोणी पाह्यलं नाई. तिनं अंडी घातली अन् अळ्या पडल्या. बकरी उभ्या उभ्या गेली."

"सशालाही होतं का तसं?"

"बकरीचं कातडं केवढं जाड राह्यते. याचं तर मलमल आहे."

वडील त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी त्यांनी ठरवले की कचेरीच्या वेळात चपराशाने पिंजऱ्याजवळ स्टुलावर बसावे आणि कडुनिंबाची डहाळी हलवत राहावे. कचेरीत त्यामुळे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचे थांबले. गावाचे काही बिघडल्याचे ऐकिवात आले नाही. चपराशी पहिला तासभर डहाळी हलवी, पुढे डहाळी त्याला हलवी, आणि दुपारी तो भिंतीला टेकून घोरत असे. एकदा वडील अवचित घरी आले. चपराशाच्या कपाळावर, नाकावर, उघड्या तोंडाच्या कडेला माशांची दाटी होती.

"हे काय चाललं आहे?"

चपराशी उठला, त्याने तोंड पुसले, पिंजऱ्याकडे पाहिले. "पाहा ना बडेबाबू. साऱ्या माह्या अंगावर बसून राह्यल्या. सशावर एक तरी आहे काय? काम तर झालंच ना."

वडिलांनी मोजमाप केल्यासारखे दोघांकडे पाहिले. सशावर खरोखरच कमी होत्या. ते आल्या पावली कचेरीत परतले.

त्यानंतर धुराचा प्रयोग झाला. घमेल्यात निखारे, त्यावर कडुनिंबाचा पाला आणि वाळल्या शेण्या. धूर असा झाला की आई तुळशीपाशी जाऊन खोकत बसली, मी अंगणात, चपराशी रस्त्यावर. माशा छताशी जाऊन थांबल्या. त्यांना घाई नव्हती. मग आतून सशाची शिंक ऐकू आली. एवढ्याशा जिवाची ती शिंक कागद फाटावा एवढीच होती, परंतु वडील त्या धुरात असे धावत शिरले, की माझ्या गोवरात ते तसे धावलेले मला आठवत नाही. घमेले त्यांनी हाताने उचलून बाहेर आणले. हात पोळला. त्यावर आईने कोरफड लावली आणि लावताना ती फक्त एवढेच म्हणाली, "दूध."

मग मास्टर आले. मास्टर म्हणजे आमच्या बाजूला राहणारे शिंपी. त्यांचे वडील कापडाच्या गाठी घेऊन चांद्याहून आले आणि इथलेच झाले. बाजाराच्या दिवशी अर्ध्या गावाची मापे त्यांच्या खांद्यावरच्या टेपेत असत. वडिलांनी पिंजऱ्याला मच्छरदाणीच्या कापडाची खोळ शिवायला सांगितली. मास्टरांनी पिंजऱ्याला चारी बाजूंनी टेप लावली आणि गंभीरपणे विचारले, "बडेबाबू, बाह्या काढायच्या काय?"

"थट्टा नको, मास्टर."

"थट्टा नाई. नवरदेवाचं माप घेतलं, तहसीलदाराचं घेतलं. सशाचं पहिल्यांदाच घेऊन राह्यलो, म्हणून विचारलं. वाढत्या अंगाचा आहे, दोन बोटं सैल ठेवतो."

खोळ सुंदर झाली. वर चुण्या, खाली झालर. अडचण एकच होती. सकाळ-संध्याकाळ वाटी बदलायला खोळ उचलावी लागे, त्या वेळी माशा आत शिरत, आणि मास्टरांची शिलाई चोख असल्यामुळे त्यांना बाहेर पडता येत नसे. पूर्वी माशा येत-जात असत. आता त्या वस्तीला राहू लागल्या. मास्टर येऊन पाहून गेले. "कापडाचा दोष नाई, भाभी," ते आईला म्हणाले. "अंदर जेवण आहे, मग मेहमान बाहेर कायले येतीन?"

"मले काय सांगता, मास्टर. मी तर पहिल्या दिवशीच सांगून चुकली."

"अहो, तिथे सांगायची माझी हिंमत असती तर मी शिंपी राह्यलो असतो काय?"

घरातील उपाय संपले तेव्हा वडिलांनी बाहेर दोषी शोधला. आमच्या घरामागे तलाव होता आणि तलावाच्या काठी ढिवरांच्या बाया चटयांवर मासोळ्या वाळवत. त्या तिथे आमच्या आधीपासून, किंबहुना सरकारच्याही आधीपासून वाळवत होत्या. वडील चपराशाला मागे घेऊन तिकडे निघाले आणि मीही अंतर ठेवून गेले. त्यांनी एका वयस्क बाईला सांगितले की माशांचा उपद्रव होत आहे, तरी चटया पलीकडच्या काठावर न्याव्यात.

तिने मासोळ्या उलटवायचे थांबवले नाही. "कोणाले उपद्रव होऊन राह्यला भाऊ?"

वडिलांनी टोपी सारखी केली. 'सशाला' हा शब्द उघड्या आकाशाखाली उच्चारणे जड जाते. "साहेबांच्या घरचं एक... जनावर आहे आमच्याकडे."

"तो पांढरा? त्याले वास येते काय मासोळीचा?"

"वासाचा प्रश्न नाही. माशांचा आहे."

"मग त्याले सांगा भाऊ, इकडं पाठ करून बसजा म्हणा." बाकीच्या बाया हसल्या. चपराशीही हसला, नंतर त्याने ते खोकल्यात बदलले. म्हातारी शांतपणे पुढे म्हणाली, "तुमचा सायब आला की त्यालेच पाठवा. आमच्याच मासोळ्या खाते तो. कुठी वाळवू ते त्यालेच विचारतो."

वडील परत आले. वाटेत ते मला म्हणाले, "पाहिलंस, अशिक्षित माणसाशी बोलणं किती कठीण." मी मान हलवली. बोलणे खरोखर कठीण गेले होते.

या सर्वांवर कळस झाला तो जाळीच्या कपाटाने. आमच्या स्वयंपाकघरात एक जाळीचे कपाट होते. खाली पायांना मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याने भरलेले परळ, आत दूध, दही, उरलेले वरण, पोळ्या. आईच्या संसारात अभिमानाने दाखवावी अशी ती एकच वस्तू होती. एका दुपारी वडिलांनी ते कपाट रिकामे करविले आणि त्यात ससा ठेवला. वाटीसकट ठेवला. जाळी बारीक, दार घट्ट. माशा बाहेरून भिरभिरत राहिल्या. वडिलांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी समाधान दिसले. आमचे अन्न चुलीशेजारी उघड्यावर आले, आणि ज्या माशांना आत प्रवेश मिळाला नाही त्या साहजिकच आमच्याकडे जेवू लागल्या.

मी आजारी पडले. पोट बिघडले, ताप चढला, आणि मी खाटेवर अशी पडले की पायाची बोटे हलवण्याची इच्छा उरली नाही. आई रात्रंदिवस उशाशी होती. तिसऱ्या का चौथ्या सकाळी वडील दारात आले. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. हात त्यांनी बराच वेळ तिथेच ठेवला, हे मला सांगितलेच पाहिजे, कारण यापुढे मी जे सांगणार आहे त्यावरून ते निर्दय होते असा समज होईल. ते निर्दय नव्हते. ते फक्त घाबरलेले होते, आणि घाबरण्याची त्यांची शिस्त फार जुनी होती. त्यांनी आईला हळूच विचारले, "हिच्यापासून सशाला लागण तर होणार नाही ना?"

आईने माझ्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. तिचा आवाज चढला नाही.

"माह्या गावानं बेचाळीसले सरकारचं ऐकलं नाई," ती म्हणाली. "त्याचे काय हाल झाले ते म्या या डोळ्यानं पाह्यले. ते लोक बंदुकीपुढे उभे होते. अन् तुम्ही एका वाटीपुढे उभे राहून राह्यले."

चिमूरच्या त्या दिवसांविषयी आई कधी बोलत नसे. त्यापूर्वी बोलली नव्हती आणि त्यानंतरही मी तिच्या तोंडून ते ऐकले नाही. वडील दारातून बाजूला झाले. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, कपाटातून ससा मानेला धरून बाहेर काढला आणि बैठकीतल्या पिंजऱ्यात नेऊन सोडला. मास्टरांची खोळ घडी करून बाजूला ठेवली. वाटीतले दूध मोरीत ओतले, वाटी राखेने घासली, कोरडी केली आणि पिंजऱ्यात पालथी ठेवली. मग कपाट गरम पाण्याने धुऊन काढले आणि आमचे अन्न परत आत गेले. खाटेवरून मला हे सर्व दिसत होते.

संध्याकाळी वडील कचेरीतून आले. टोपी काढायच्या आधीच त्यांचे लक्ष पिंजऱ्याकडे गेले.

"वाटी पालथी आहे."

"हो."

"बाईसाहेबांनी सांगितलं होतं..."

"काय सांगितलं होतं? रिकामी दिसू नये. पाहा वाकून. रिकामी दिसते काय?"

वडील वाकले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाकले. ते टाळाटाळ करीत नव्हते. प्रामाणिकपणे तपासत होते. पालथ्या वाटीच्या आत काही आहे की नाही हे बाहेरून कोणालाही सांगता येत नाही. सरळ उभे राहताना त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखे वाटले. "दिसत नाही," ते म्हणाले. आयुष्यभर हुकमांचा शब्दशः अर्थ लावण्यात गेलेल्या माणसाला याहून मोठी सुटका कोणी देऊ शकले नसते.

माशा आणखी एक-दोन दिवस येऊन गेल्या, जुन्या ओळखीने. मग त्या मोहाच्या फुलांकडे गेल्या. माझा ताप उतरला, पेला पुन्हा पूर्ण भरू लागला, चपराशी कचेरीत परतला. ससा पालथ्या वाटीवर चढून बसू लागला आणि तिथून बैठकीत आलेल्या प्रत्येकाकडे आरामात पाहू लागला. त्या दिवसांत वडील प्रथमच उघडपणे चांद्याबद्दल बोलले. तिकडची शाळा दगडी आहे, खिडक्यांना काचा आहेत, असे ते मला सांगत. शाळा त्यांनी पाहिलेली नव्हती.

पावसाच्या आधी साहेब परतले. वडिलांनी सशाचे अंग ओल्या फडक्याने पुसले, पितळी पट्ट्या चिंचेने घासल्या, वाटी सुलटी केली, तिच्यात ताजे दूध घातले, आणि चपराशाच्या डोक्यावर पिंजरा देऊन ते बंगल्याकडे निघाले. मला त्यांनी बरोबर घेतले. साहेबांपुढे मुलगी उभी केली तर बदलीची गोष्ट आपोआप निघेल, असा त्यांचा विचार असावा. बंगल्याच्या व्हरांड्यात बाईसाहेब वेताच्या खुर्चीत होत्या आणि त्यांच्या मांडीवर पचमढीहून आणलेले एक केसाळ कुत्र्याचे पिल्लू होते.

त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिले. आठवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"अगंबाई, हा अजून आहे?" त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, एव्हाना तुमच्याकडे याचा रस्सा झाला असेल."

चपराशाच्या डोक्यावरचा पिंजरा किंचित हलला. आतले दूध सांडून त्याच्या कानामागून ओघळू लागले आणि त्याने ते पुसले नाही. बाईसाहेब पुढे म्हणाल्या, "आता हे पिल्लू आलं ना. याला ससा दिसला तर फाडून टाकेल. तुम्हीच ठेवा तो. मुलीला खेळायला होईल."

साहेब आतून बाहेर आले तेव्हा वडिलांनी चांद्याचा विषय काढला. तो अर्थात उभ्यानेच काढला.

"चांद्याची? कोणती गोष्ट?" साहेबांनी विचारले. मग त्यांना पुसटसे आठवले असावे. "हां. बघतील, बघतील. नवे साहेब येतील ते बघतील. आम्ही तर चाललो जबलपूरला."

परतताना वडील पुढे, पिंजरा मध्ये, मी मागे. तलावावरून जाताना ढिवराच्या म्हातारीने हाक मारली, "काऊन भाऊ, जनावर वापस आणलं?" वडिलांनी चालण्याचा वेग वाढवला. घरी येऊन त्यांनी पिंजरा बाकड्यावर ठेवला आणि ते त्याच्यासमोर जमिनीवर बसून राहिले. त्यांची फाईल बंद झाली होती. ससा जगला होता, बदली गेली होती, आणि मधले दुवे कुठे तुटले हे त्यांना कळत नव्हते. शेवटी ते म्हणाले, "मग आता हिची शाळा राहिली."

आई चुलीपाशी होती. "काऊन राह्यली?"

"बदलीचा हुकूम नाही."

"तुमच्या बदलीले हुकूम लागते," आई म्हणाली. "पोरीच्या बदलीले कोणाचा हुकूम लागते? माही बहीण आहे ना चांद्याले. तिच्याकडं राहीन हे."

मावशी चांद्याला कित्येक वर्षांपासून राहत होती. तिचे घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होते. हे वडिलांना ठाऊक होते, आईला होते, मलाही होते. त्या घरात अज्ञान कुठेच नव्हते, हे मी वर लिहिलेच आहे. वरून सांगितले गेल्याशिवाय काही करायचे नसते, एवढे एकच सर्वांना अधिक चांगले ठाऊक होते.

शाळा उघडण्याच्या आधी मी चांद्याच्या मोटारीत बसले. वडील सोडायला आले होते. खिडकीतून त्यांनी माझ्या हातात फुटाण्यांची पुडी दिली आणि काही सांगायचे म्हणून सांगितले, "घरी सर्व ठीक आहे. ते आता गवारीच्या शेंगाही खातात." 'ते' म्हणजे ससा. साहेब गेले, नवे साहेब आले आणि गेले, परंतु वडिलांनी सशाचे बहुवचन शेवटपर्यंत काढले नाही. ससा आमच्याकडे बरीच वर्षे जगला. त्याच्या पिंजऱ्यात त्यानंतर दूध गेले नाही, वाटी मात्र पुन्हा पालथी झाली ती तशीच राहिली. ती काढून टाकावी असे कोणीही सांगितले नव्हते.

मी शिकले, नोकरी केली, आणि माझ्यावरही साहेब आले. ही हकीकत मी कधी सांगितली की ऐकणारे वडिलांना हसतात. मीही हसते; या पानांवर पुष्कळ हसले आहे. परंतु हसून झाल्यावर प्रत्येक वेळी मला एक गोष्ट विचारावीशी वाटते आणि संकोचामुळे राहून जाते. वाचकांचा चेहरा समोर नसल्यामुळे आज विचारते. त्या बैठकीत तुम्ही असता, तर ते दूध तुम्ही पहिल्याच दिवशी ओतून दिले असते काय?